चांगल्या मालकाचा मळा

अमेरिकेच्या दक्षिणेत ज्यांची मुलं राहतात ते आईवडील तिकडे गेले की एखाद्या रविवारी त्यांना जुना मळा दाखवायला नेलं जातं. दुतर्फा ओकची झाडं, पांढऱ्या खांबांचा टोलेजंग वाडा आणि मागे, पटकन नजरेत न येणारी, गुलामांच्या लाकडी खोपटांची रांग. अशाच एका फेरीत मी होतो. गाइडचं बोलून झाल्यावर आमच्यातल्या एका काकांनी अगदी मनापासून विचारलं, ‘‘पण हा मालक त्यांना नीट वागवायचा ना?’’ प्रश्नात खोट नव्हती. इतक्या देखण्या जागी इतकं वाईट घडलं हे मनाला सोसत नाही, मग माणूस मालकाच्या स्वभावात दिलासा शोधतो. परतताना गाडीत यावरून वाद झाला. एक बाजू म्हणाली, सगळेच मालक राक्षस नव्हते. दुसरी म्हणाली, सगळेच होते. तासभर दोन्ही बाजू मालकाबद्दलच बोलत राहिल्या.

हाच वाद अमेरिकेत मोठ्या पातळीवर चालू आहे. जुलै २०२३ मध्ये फ्लोरिडा राज्याच्या शिक्षण मंडळाने शाळांसाठी इतिहासाचे नवे निकष मंजूर केले. गुलामांनी जी कौशल्यं आत्मसात केली, त्यांचा काही बाबतींत त्यांना स्वतःच्या फायद्यासाठी उपयोग झाला, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात होतं. त्यावर गदारोळ झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण विरोध करणाऱ्यांपैकी अनेकांनी जे उत्तर दिलं तेही मला अपुरं वाटतं. त्यांनी चाबूक, बेड्या आणि लिलावाचा ओटा पुढे केला आणि मळ्यावरचं रोजचं जगणं समर्थकांच्या हवाली करून टाकलं. परसातला भाजीचा वाफा, रविवारची प्रार्थना, लग्नं, गाणी, सुतारकाम हे सगळं जणू मालकाच्या बाजूचे पुरावे आहेत!

माझं म्हणणं उलट आहे. गुलामगिरी समजून घ्यायची तर मळ्यावरचा साधा, बिनचाबकाचा दिवस पाहावा लागतो. त्या दिवसात जे काही चांगलं होतं ते गुलामांनी उभं केलं होतं, आणि ते कधीही मोडण्याची मुभा मालकाकडे होती. म्हणून मालक कसा होता हे विचारून फारसं काही हाती लागत नाही. तो चांगला दिवस कुणाच्या हातात होता, हे विचारायला हवं.

त्यासाठी मी मुद्दाम एक ‘चांगला’ मळा घेतो. जॉर्जियाच्या किनाऱ्यावर अल्टमाहा नदीच्या मुखाशी बटलर घराण्याची जमीन होती. बटलर बेटावर भात पिकायचा आणि जवळच्या सेंट सायमन्स बेटावर लांब धाग्याचा कापूस. मालक पिअर्स बटलर फिलाडेल्फियात राहणारा, सुसंस्कृत म्हणून ओळखला जाणारा माणूस. १८३४ मध्ये त्याने फॅनी केम्बल या इंग्रज अभिनेत्रीशी लग्न केलं. १८३८ च्या डिसेंबरअखेर ती मुलींना घेऊन नवऱ्याबरोबर मळ्यावर आली आणि पुढच्या वसंतापर्यंत राहिली. तिथे तिने लिहून ठेवलेली रोजनिशी अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिणेतलं यादवी युद्ध चालू असताना, १८६३ मध्ये छापली गेली. केम्बल काही संत नव्हती. काळ्या माणसांच्या रूपाबद्दल, स्वच्छतेबद्दल तिने लिहिलेली काही वाक्यं आज वाचवत नाहीत. पण ती मळ्याची मालकीण होती, नवरा तिचा होता आणि अन्न त्याच भाताचं होतं. आपल्याच घराविरुद्ध जाणारी तिची साक्ष म्हणून मला अधिक मोलाची वाटते.

या मळ्यावर काम उक्तं होतं. सकाळी प्रत्येकाला जमिनीचा तुकडा नेमून दिला जाई. तेवढं झालं की उरलेला वेळ ज्याचा त्याचा. लुइझियाना-मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यांत उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत टोळीने राबावं लागे आणि रात्री वेचलेला कापूस वजन करताना भीतीने पोटात गोळा येई. त्या मानाने ही पद्धत नक्कीच बरी होती. गुलामगिरीची बाजू सावरणाऱ्यांचा हा सर्वात भक्कम मुद्दा आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. मोकळ्या वेळात बटलरचे गुलाम कोंबड्या पाळत, मासे धरत, लाकडी बादल्या-टोपल्या करून विकत. दोन सुतारांनी फावल्या वेळात एक होडी बांधली आणि शेजारच्या मळेवाल्याला साठ डॉलरला विकली, असं केम्बल नोंदवते. फ्लोरिडाच्या त्या वाक्याला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही.

पण हे कौशल्य आलं कुठून? निदान भाताचं तरी मळ्याने शिकवलेलं नव्हतं. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या वाचकाने त्या भातखाचरांचं वर्णन वाचलं तर त्याला ते ओळखीचं वाटेल. दलदलीत घातलेले मातीचे बांध, भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर करणारी लाकडी दारं, म्हणजे गोव्यातल्या खाजणाला असते तशी मानस. कापणीनंतर उखळात मुसळाने भात कांडणाऱ्या बायका आणि गवत वळून केलेली सुपं. पश्चिम आफ्रिकेत भाताची शेती कितीतरी पिढ्या चालत आलेली होती. अठराव्या शतकात साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन बंदराच्या वर्तमानपत्रांत गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती येत, त्यांत माणसं आफ्रिकेच्या भात पिकवणाऱ्या किनाऱ्यावरची आहेत हे आवर्जून छापलेलं असे, कारण गिऱ्हाईक तेच शोधत होतं. चार्ल्सटनच्या आसपास त्या वळणाच्या टोपल्या त्यांचे वंशज आजही विणतात. माणसं पकडून आणताना त्यांच्या हातातली कलाही पळवून आणली होती. तिच्यावर पिढ्यान् पिढ्या नफा खाऊन झाल्यावर ‘त्यांना कौशल्य मिळालं’ असं लिहायला मन धजतं तरी कसं?

त्या होडीकडेही पुन्हा पाहायला हवं. होडी विकून साठ डॉलर मिळवणारा सुतार स्वतःही विकाऊ होता. जॉर्जियाच्या कायद्याने त्याची कोणतीही मालमत्ता शेवटी मालकाचीच. त्याच्या हातात पैसे राहिले, कारण बटलरने ते राहू दिले. मळ्यावर सगळ्याच गोष्टींचं असं होतं. शिक्षेलाही नियम होता, आणि ‘चांगला मालक’ म्हणतात तो याच अर्थाने. शेतावरच्या मुकादमाने बारा फटक्यांपर्यंत मारावं, मोठ्या मुकादमाने छत्तीस आणि गोऱ्या ओव्हरसियरने पन्नास. कामावर पहाटे जायचं, पहिलं जेवण दुपारी बाराला. शिजवलेला मका किंवा तांदूळ लाकडी टोपात घेऊन, खुर्ची-मेज नाही, मोडक्या चमच्याने किंवा लाकडाच्या कपच्याने खायचं. मुलं हाताने खात. अंदाधुंदी कुठेच नव्हती. सगळं ठरलेलं, वहीत लिहिलेलं.

आणि बाळंतिणीसाठीही एक नियम होता. तीन आठवड्यांनी तिने शेतावर परत यायचं. आपल्याकडे सव्वा महिना म्हणतात, आणि तो पाळायला न मिळालेल्या बाईचं शरीर पुढे काय भोगतं हे आपल्या आया-आज्यांना ठाऊक आहे. बटलरच्या मळ्यावरच्या बायका नव्या मालकिणीकडे एकामागून एक येऊ लागल्या, त्या याचसाठी. तीनाऐवजी चार आठवडे द्या, एवढीच मागणी. केम्बलने एका दिवशी आलेल्या बायकांची यादी केली आहे. फॅनी नावाच्याच एका गुलाम बाईला सहा मुलं झाली, एक जगलं. नॅनीला तीन, त्यांतली दोन गेली. लिआला सहा, तीन गेली. शार्लटचे दोन गर्भपात झालेले, पुन्हा दिवस गेलेले आणि संधिवाताने सांधे धरलेले. अशी ती यादी पुढे चालत राहते. यांतल्या कुणी ‘आम्हाला मुक्त करा’ म्हणाल्याचं केम्बल लिहीत नाही. त्या एक आठवडा मागत होत्या. केम्बल या तक्रारी नवऱ्याकडे नेत राहिली. शेवटी त्याने सांगितलं की यापुढे गुलामांची कोणतीही विनंती तुझ्यामार्फत ऐकणार नाही. त्याने ना चाबूक उगारला ना आवाज चढवला. नुसतं ऐकणं बंद केलं. त्या एका नकाराने कितीजणींच्या अंगावर काय गुदरलं, याचा हिशोब क्रूर मालक आणि दयाळू मालक या वाटणीत कुठे बसवायचा?

जो नावाच्या तरुणाचं उदाहरण तर अंगावर काटा आणतं. बटलरकडची व्यवस्थापकाची नोकरी सोडून जाणारा किंग नावाचा माणूस अलाबामाला जमीन घेऊन निघाला होता. इतक्या वर्षांची सेवा म्हणून बटलरने त्याला भेट दिली ती जोची. उद्या नव्या मालकाबरोबर निघायचं, हे जोला त्याच दिवशी कळलं. बायको सायकी आणि मुलं मागे राहणार होती. तो ओरडला, टोपी जमिनीवर आपटली, आईबापांना, बायकोमुलांना सोडून जाणार नाही म्हणाला. केम्बलने नवऱ्यापाशी रडून-भांडून गयावया केली आणि शेवटी जो राहिला. शेवट गोड झाला, असं म्हणता येईल. पण बटलरच्या मनात जोबद्दल राग नव्हता, द्वेष नव्हता. निरोपाला आपण जशी शाल देतो, तसा त्याने माणूस दिला. त्या आठवड्यापर्यंत जो सुखी नव्हता का? बहुधा होता. त्याचं घर होतं, बायको होती, मुलं होती. गुलामगिरी त्या सुखाच्या आतच बसलेली होती.

त्यानंतर वीस वर्षांनी सगळंच उघडं पडलं. सट्ट्यात आणि जुगारात बटलर बुडाला. देणी फेडायला त्याने आपल्या वाट्याची माणसं विकायला काढली. २ आणि ३ मार्च १८५९ ला सवाना शहराबाहेरच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर ४३६ माणसांचा लिलाव पुकारला गेला. घोड्यांच्या तबेल्यांत त्यांना ठेवलं होतं. दोन्ही दिवस पाऊस पडत होता. त्यांच्या वंशजांत ही विक्री ‘रडण्याचा काळ’ म्हणूनच ओळखली जाते. एकूण ३,०३,८५० डॉलर आले. न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राचा बातमीदार गिऱ्हाईक असल्याचं सोंग घेऊन तिथे गेला होता, म्हणून आपल्याला तपशील कळतात. क्रमांक ३१९, जेफ्री, वय २३, कापसाच्या कामात तरबेज. त्याचं डॉर्कसवर प्रेम होतं, तिचा क्रमांक २७८. जेफ्री आधी विकला गेला. तो नव्या मालकाच्या मागे लागला, डॉर्कसलाही घ्या, ती किती चांगली कामकरी आहे ते ऐका. स्वतःच्या प्रेयसीची भलामण त्याला विकाऊ मालासारखी करावी लागली, कारण ऐकणाऱ्याला तीच भाषा कळत होती. पण डॉर्कस एकटी मिळेना. ती चारजणांच्या कुटुंबाबरोबर एकाच बोलीत होती आणि तेवढी माणसं त्या मालकाला नको होती. दुसऱ्या दिवशी दोघं दोन दिशांना गेली.

लक्षात घ्या, या विक्रीतही बटलर ‘चांगला’च होता. नवरा, बायको आणि लहान मुलं वेगळी करायची नाहीत, अशी त्याची अट होती, आणि लिलाव संपल्यावर त्याने विकलेल्या प्रत्येकाच्या हातावर एकेक डॉलर ठेवला. मात्र म्हातारे आईबाप, मोठी झालेली मुलं, भाऊ-बहिणी, आणि लग्न न झालेली डॉर्कस त्याच्या कुटुंबाच्या व्याख्येत बसत नव्हती. कुटुंब म्हणजे काय, हेही मालकच ठरवणार होता.

आता इतर आक्षेपांकडे येतो. इंग्लंडच्या गिरणीतल्या मजुरापेक्षा दक्षिणेतला गुलाम जास्त खात होता, असं म्हणतात. १८४०-५० च्या दशकांत खुद्द गुलामांच्या मालकांनी हा युक्तिवाद केला होता आणि काही ठिकाणी शिध्याचे आकडे त्यांच्या बाजूचे असतीलही. गिरणी कामगाराचं हलाखीचं जगणं मी झाकत नाही, गिरणगाव पाहिलेला मराठी माणूस ते झाकूच शकत नाही. पण गिरणीमालक जुगारात हरला म्हणून मँचेस्टरच्या मजुराची मुलगी कधी लिलावात उभी राहिली का? आणि गिरणीला कंटाळून कुणी मजूर जॉर्जियात गुलाम व्हायला पळून गेला का? पळणाऱ्यांची दिशा कायम एकच राहिली.

दुसरा आकडा लोकसंख्येचा. आफ्रिकेतून आजच्या अमेरिकेत आणलेली माणसं सुमारे चार लाख आणि १८६० च्या जनगणनेत गुलाम ३९ लाखांहून अधिक. माणसं वाढली म्हणजे जगणं बरं असणार, असा तर्क. याउलट उसाच्या मळ्यांच्या जमैकात दहा लाखांच्या आसपास माणसं उतरवली गेली आणि १८३४ च्या मुक्तीच्या वेळी तिथे जेमतेम तीन लाख गुलाम उरले होते. यावरून सिद्ध होतं ते एवढंच की उसाचा मळा माणसं जास्त वेगाने खात होता. अमेरिकेत १८०८ नंतर बाहेरून गुलाम आणायला बंदी आली, तेव्हापासून गुलाम बाईच्या पोटचं मूल हीच नवी आवक ठरली. १७९० ते १८६० या काळात सुमारे दहा लाख माणसं जुन्या राज्यांतून कापसाच्या नव्या प्रदेशात हलवली गेली, बरीचशी विकून. वाढत्या लोकसंख्येतूनच तो बाजार चालला.

‘त्या काळाचे मापदंड वेगळे होते’ हा आक्षेप मला सर्वात कमकुवत वाटतो. व्हरमाँटने १७७७ मध्येच आपल्या राज्यघटनेत प्रौढांच्या गुलामगिरीला बंदी घातली होती. जॉर्जियाने १८२९ मध्ये गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं गुन्हा ठरवलं. गुलामी त्या काळी सगळ्यांनाच नैसर्गिक वाटत होती, तर बाराखडीला एवढं का घाबरायचं? बटलरच्याच मळ्यावर अ‍ॅलेक नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाने केम्बलला विचारलं, मला वाचायला शिकवाल का? कायदा माहीत असूनही तिने शिकवायला घेतलं. तो मुलगाही त्याच काळातला होता. काळाचं मत मोजायचं तर त्याचंही मोजायला नको का?

‘गुलाम तर सगळीकडेच होते’ हेही खरं आहे. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. गोव्यात पोर्तुगिजांच्या घरांत मोझांबिकहून आणलेली माणसं राबत होती. भारतात गुलामीची कायदेशीर मान्यता निघाली ती १८४३ मध्ये. याने जॉर्जियाचं ओझं हलकं होत नाही. त्या कुणबिणींचा एखादा दिवस कसा जात असेल, हे आपण कधी विचारलंच नाही, एवढं मात्र कळतं.

आता दुसऱ्या बाजूशी माझं भांडण. गुलामांचं जगणं म्हणजे निव्वळ यातना, असं लिहिणारे त्या माणसांना दुसऱ्यांदा मुकं करतात. मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ मध्ये आत्मकथन लिहिलं. त्यात त्याची आई येते. दुसऱ्या मळ्यावर दिवसभर राबून ती रात्री बारा मैल चालत यायची, त्याला कुशीत घेऊन झोपवायची आणि तो जागा व्हायच्या आत निघून गेलेली असायची, कारण सूर्योदयाला शेतावर नसेल तर फटके. तो सातेक वर्षांचा असताना ती वारली. तिला त्याने जेमतेम चार-पाच वेळा पाहिलं. या प्रसंगात केवळ यातना आहे का? त्या बाईने दिवसभराच्या कामावर चोवीस मैल घातले, ते कुणाच्या हुकमाने? गाण्यांबद्दलही डग्लस सांगतो की गुलाम सर्वाधिक दुःखात असतात तेव्हा सर्वाधिक गातात, आणि उत्तरेत आल्यावर त्या गाण्यांना सुखाचा पुरावा मानणारे लोक पाहून तो थक्क झाला. आपल्याला हे कळायला अवघड नाही. जात्यावर ओवी म्हणणारी बाई सुखात आहे, असं कोणता मराठी माणूस म्हणेल? आणि ती बिचारी आहे, तिला बोलायचं काहीच नाही, असं तरी कोण म्हणेल?

महाराष्ट्राशी या विषयाचा धागा जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसून त्यांनी त्या लढ्याशी नातं जोडलं, याचा मला अभिमान आहे. त्या अर्पणपत्रिकेत नम्रपणे एवढीच भर घालावीशी वाटते की यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक लढले आणि त्यांतले बहुतेक कालपर्यंत गुलाम होते. मुक्ती त्यांच्याही हातची होती. दुसरा धागा मॉरिशसचा. तिथे १८३५ मध्ये गुलामी संपली, मळेवाल्यांना नुकसानभरपाई मिळाली, गुलामांना दमडी नाही. उसाच्या मळ्यांत त्यांच्या जागी करारावर मजूर आणले गेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले लोकही होते. गिरमिटाचे हाल कमी नव्हते, पण त्या मजुरांच्या मुलांवर मळेवाल्याची मालकी नव्हती. आज मॉरिशसचा मराठी माणूस जहाजाच्या नोंदवहीत पणजोबाचं नाव, बापाचं नाव, गाव शोधू शकतो. गुलामाच्या वंशजाला बहुतेक वेळा मालकाच्या वहीतलं एक एकेरी नाव तेवढं सापडतं.

बटलरच्या मळ्याचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. १८५९ मध्ये विकला गेला तो फक्त पिअर्स बटलरचा वाटा. दुसरा अर्धा त्याच्या दिवंगत भावाच्या मिळकतीचा होता, म्हणून ती माणसं बेटावरच राहिली. युद्ध संपल्यावर बटलर मुलीला, फ्रान्सिसला, घेऊन मळा पुन्हा उभा करायला गेला. तेव्हा लिलावात दूर विकली गेलेली काही माणसं वाट काढत बेटावर परतलेली त्यांना दिसली. फ्रान्सिसने पुढे यावर लिहिलं आणि ती माणसं जुन्या मालकाच्या ओढीने, निष्ठेने परतली असाच अर्थ लावला. अल्टमाहाच्या त्या बेटावर त्यांचे भाऊ होते, म्हाताऱ्या आया होत्या आणि तीन आठवड्यांनी शेतावर गेलेल्या बायकांची पुरलेली मुलं होती.